सहीपुरता नवरा

नवरा-बायकोला मिळून एकच आयकर विवरणपत्र भरू द्यावं, ही मागणी हल्ली जोर धरते आहे. 2025 च्या अर्थसंकल्पाआधी सनदी लेखापालांच्या संस्थेनेही ती सरकारपुढे ठेवली होती. मागणीमागचा हिशेब खोटा नाही. नव्या कररचनेत एकट्याचं करपात्र उत्पन्न 24 लाख असेल, तर उपकरासह 3,12,000 रुपये कर पडतो. तेच दोघांनी बारा-बारा लाख कमावले तर दोघांनाही शून्य. घरात पैसा तेवढाच येतो, मग कर वेगळा का? प्रश्न रास्त आहे.

पण हा प्रश्न विचारणाऱ्या घरातला नवरा संध्याकाळी घरी येतो. मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर अशीही घरं आहेत, जिथला घोव मुंबईला नोकरीला गेला, पहिली काही वर्षं गणपतीला आला, मग पैसे यायचे थांबले आणि पुढे फोनही लागेनासा झाला. घटस्फोट झालेला नाही. पोटगीचा दावा लावायचा तर नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडायची हेच ठाऊक नाही. कायद्याच्या लेखी मात्र ती लग्नाची बायको. तिच्या विवरणपत्रावर दुसरी सही कोण करणार?

‘संयुक्त विवरणपत्र ऐच्छिक असेल, नको तिने भरू नये,’ असं यावर सांगितलं जातं. ऐच्छिक कोणासाठी? नांदत्या संसारात कमावता माणूस कागद पुढे करतो आणि बायको सही करते. काय भरलं ते ती बघतही नाही. अमेरिकेत अशी सोय कधीचीच आहे. तिथे संयुक्त विवरणपत्रावर सही केली की सगळ्या कराची जबाबदारी दोघांवर पडते. उत्पन्न त्याने दडवलं तरी वसुली तिच्याकडून होऊ शकते. म्हणून अजाण जोडीदाराला सूट मागण्याची वेगळी तरतूद करावी लागली. शिवाय वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदार घरात राहिलेला नसेल आणि मूल आपल्याकडे असेल, तर ठरलेल्या अटींवर विवाहितेलाही कुटुंबप्रमुख म्हणून स्वतंत्र विवरणपत्र भरता येतं. ज्यांची ही कल्पना उसनी घ्यायची, त्यांनाच तिच्यातून बाहेर पडायची वाट करावी लागली.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून आयकर कायद्यानेही पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटलं. 1961 च्या कायद्यातलं हे कलम 5अ. 2025 च्या नव्या कायद्यातही ही सोय ठेवली आहे. एकत्र नांदणाऱ्यांना ती फायद्याचीच. पण समजा, पेडण्याच्या एका माणसाला धंद्यात 30 लाखांचा नफा होतो आणि तो बायकोला सोडून दुसरीकडे राहतो. लग्न आणि सामाईक मालमत्ता कागदावर टिकून आहे तोवर 15 लाख तिच्या विवरणपत्रात येणार. नव्या रचनेत त्यावर 1,09,200 रुपये कर. हातात दमडी नाही, कर मात्र लाखाच्या वर! न्यायालयात जाऊन वाटणी करून घे, असं तिला सांगणं सोपं आहे. वकिलाची फी कोण देणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की ज्याचं उत्पन्न त्याचं विवरणपत्र ही आपली रीत तोडू नये. सरकारी कागदांत पॅनकार्ड हा एक कागद असा आहे, ज्यावर विवाहितेलाही नवऱ्याचं नाव लावावं लागत नाही. 5 डिसेंबर 2018 पासून तर आई एकटीच पालक असेल तर मुलाच्या पॅनसाठी बापाचं नावही सक्तीचं राहिलेलं नाही. जुन्या कररचनेत मुलांच्या शिकवणी शुल्काची वजावट, दोन मुलांपर्यंत, फी भरणाऱ्याला मिळते. फी आईने भरली तर वजावट आईची, बापाची संमती लागत नाही.

दोष एका जागी आहे. अल्पवयीन मुलाच्या ठेवीवरचं व्याज आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरायचं, असं आयकर कायदा सांगतो. विवाह संपला असेल तर मात्र जो मुलाला सांभाळतो त्याच्या उत्पन्नात. मग विवाह कागदावर उरलेला आणि बाप बेपत्ता असेल तर? आईने सुकी मासळी विकून पोराच्या नावे ठेव केली, तिच्या व्याजाचा हिशेब कुणाचं उत्पन्न जास्त यावर ठरणार, आणि त्याचं उत्पन्न तिने शोधायचं कुठे? ‘जो सांभाळतो’ हे तत्त्व कायद्यात आहेच. वर्षभर वेगळ्या राहणाऱ्यांनाही ते लावावं.

‘12 लाखांपर्यंत करच नाही, टाकलेल्या बाईचा आयकराशी संबंध काय?’ हा दुसरा आक्षेप. संबंध कर्जाचा आहे. तारकर्लीत न्याहरी-निवासाची एक खोली वाढवायची तर बँक आधी विवरणपत्रं मागते. ती तिच्या एकटीच्या नावावर असली तरच अर्ज पुढे सरकतो.

आणि नवऱ्याच्या कागदाशिवाय पान हलत नाही, तिथे काय होतं हे 2025 मध्ये दिसलंच. लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत ‘परित्यक्ता’ हा शब्द पहिल्यापासून आहे. तरी ई-केवायसी आली तेव्हा पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ओरड झाल्यावर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं. विधवेची सोय झाली, घटस्फोटितेची झाली. जिचा नवरा नुसताच निघून गेला, तिच्याकडे यातला कुठला कागद असणार?

मुलींच्या उच्च शिक्षणाची फी माफ करतानाही 8 लाखांची मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नावर आहे. वर्षानुवर्षं दमडी न पाठवणाऱ्या बापाचा पगार त्या बेरजेत धरायचा आणि पोरीची फी आईने भरायची, हा कुठला न्याय?

‘मग खोट्या परित्यक्ता उभ्या राहतील,’ हा शेवटचा आक्षेप. काही राहतीलही. पण वाडीत कोणाचा घोव कधीपासून आलेला नाही, हे अंगणवाडी सेविकेला आणि पोलीस पाटलाला पक्कं माहीत असतं. त्या दोघांचा पंचनामा आणि बाईचं स्वयंघोषणापत्र तहसीलदाराने ग्राह्य धरावं, दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं, आणि खोटं निघालं तर मिळालेली रक्कम वसूल करावी.