टीव्ही घेणे आहे!

घर घेणे, लग्न ठरवणे आणि टीव्ही विकत आणणे या तीन बाबतींत आपल्याकडे सल्लागारांना तोटा नसतो. पहिल्या दोन बाबतींतून मी यथाकाल पार पडलो होतो. तिसरीचा योग यंदा दसऱ्याच्या तोंडावर आला.

त्याचे असे झाले. श्रावणात आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण नंतर वॉकर धरून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, एवढीच तिची यात्रा उरली. आमचा टीव्ही बाहेरच्या खोलीत. त्यामुळे संध्याकाळी साडेसातच्या मालिकेचा नुसता आवाज तिला आत ऐकू यायचा. "आता कोण रडतंय गं?" असे ती पलंगावरून विचारायची आणि आमची सौ. बाहेरून त्या पात्राचे नाव सांगायची. मी तिथेच बाजूला विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासत असे. शेवटी एकदा मीच जाहीर केले, "आईच्या खोलीत एक लहानसा टीव्ही घेऊन टाकू. पंधरा हजारांच्या आत. त्यात काय एवढं!"

खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये तीस इंच भिंत मोकळी होती. ती मोजून, कागदावर आकडा लिहून मी दुकान गाठले. तिथे एका भिंतीवर चाळीसेक टीव्ही एकाच वेळी एकच पोपट दाखवत होते, आणि तोही असा भडक, की खऱ्या पोपटाने लाजावे. इतक्यात मागून "सर, तुम्ही?" अशी हाक आली. पाहतो तो माझा एक जुना विद्यार्थी. मराठीत त्याला मी दोनदा नापास केले होते. आता तो या दुकानातला मुख्य विक्रेता होता आणि परीक्षा माझी होती.

"सर, बत्तीस इंची घ्या," तो म्हणाला.

"अरे, जागाच तीस इंचांची आहे," मी कागद पुढे केला.

"सर, बत्तीस इंच ही रुंदी नव्हे, तो कर्ण. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. रुंदी अठ्ठावीस इंचांच्या आसपास भरते."

पहिला गुण गेला! पुढचे गुणही भराभर गेले. मी 'एलईडी टीव्ही' मागितला, तेव्हा कळले की पडदा एलसीडीचाच असतो. त्याच्या मागचा दिवा तेवढा एलईडीचा. शेजारच्या बंड्याने 'फोर-के शिवाय घेऊ नका' असे बजावले होते, म्हणून मी तेही विचारले. त्यावर त्याने उशीपासून भिंतीचे अंतर विचारले. मी म्हटले, सात फूट. तो म्हणाला, "मग बत्तीस इंचांत साधा एचडी रेडी पुरे. त्याच्या पडद्यावर दहा लाखांवर ठिपके असतात, फुल एचडीवर वीस लाखांवर. पण सात फुटांवरून दहा लाखांचे ठिपकेसुद्धा सुटे दिसत नाहीत. न दिसणाऱ्या ठिपक्यांचे पैसे कशाला देता?" हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, हे मी मनातल्या मनात कबूल केले.

एवढ्यात दुकानाचे मालक मध्ये पडले. २०२५ च्या सप्टेंबरात बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा आता त्रेचाळीस इंचीच न्या, असा त्यांचा आग्रह. लहान टीव्हीवर कर आधीपासूनच अठरा टक्के होता, हे सांगायला मात्र ते विसरले. शिष्याने हळूच डोळा मिचकावला. स्वस्त झालेली मोठी वस्तू ही लहान वस्तूपेक्षा महागच असते, हे गणित मराठीच्या प्राध्यापकालाही कळते.

शेवटी दोन बत्तीस इंची उरले. "बघणार किती जण?" त्याने विचारले.

"एकच. आई."

"मग हा घ्या. हजार-बाराशेंनी कमी आहे."

पैसे देण्यापूर्वी घरी फोन करावा म्हणून केला. सौ.ने फोन आईकडे दिला. मी किंमत सांगितली, आकार सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, पण बाजूला खुर्चीत बसणाऱ्याला दिसेल ना?"

मी फोन ठेवला आणि त्या टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. पोपट पांढुरका पडला होता. शिष्य म्हणाला, "सर, हा व्हीए पडदा आहे. समोरून काळा रंग छान गडद दिसतो, बाजूने चित्र फिकं पडतं. तो दुसरा आयपीएस आहे, तो बाजूनेही तसाच दिसतो. तुम्ही एकच माणूस म्हणालात, म्हणून मी..." आयपीएस हा शब्द मी तोवर पोलीस खात्यापुरताच ऐकला होता.

मला आमचा जुना वाडा आठवला. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा अख्ख्या वाड्यात टीव्ही एकाच बिऱ्हाडी होता. आई माझा हात धरून तिथे नेई. पुढे जागा नसे, म्हणून आम्ही दाराच्या चौकटीपाशी, अगदी कडेला बसत असू. पण त्या जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही कुठूनही बघा, चित्र तेच. समोर बसणारा मानाचा आणि कडेला बसणारा उपरा, असा भेद त्याच्याकडे नव्हता.

आणि मग, वाचकहो, एक गोष्ट स्वतःशी कबूल करावी लागली. हा टीव्ही मी आईला मालिका दिसावी म्हणून घेत होतो, हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे, की आतून येणारा तो प्रश्न बंद व्हावा आणि माझ्या उत्तरपत्रिका निर्वेधपणे तपासून व्हाव्यात. 'बघणार किती जण' याचे उत्तर मी उगीच इतक्या चटकन दिले नव्हते.

मी दुसरा टीव्ही घेतला. घेण्यापूर्वी शिष्याच्या सांगण्यावरून गाणे न लावता बातम्या लावून आवाज ऐकला. कारण पातळ टीव्हीचे भोंगे बहुधा खाली किंवा मागे असतात आणि म्हाताऱ्या कानांना शब्द सुटे ऐकू येत नाहीत. भिंतीवर तो जरा उंच, पण पुढे झुकवून बसवला, म्हणजे उशीवर डोके ठेवूनही मान अवघडत नाही. तुमच्यापैकी कोणी अशा खरेदीला निघत असेल, तर एवढेच सांगतो: भिंत मोजा, उशीपासूनचे अंतर मोजा, आणि दुकानात समोर उभे राहून झाले की चार पावले बाजूला जाऊन बघा.

आता साडेसातला वेताची खुर्ची पलंगाशेजारी ओढतो आणि उत्तरपत्रिका तिथेच घेऊन बसतो. पहिल्या जाहिरातीपर्यंत आईचा डोळा लागतो. मी मात्र, कबूल करायला लाज वाटते, मालिका बघत राहतो. मध्येच ती डोळे न उघडता विचारते, "आता कोण रडतंय रे?"

आणि मी नाव सांगतो.