अपूर्णतेचा अधिकार

जे. आर. आर. टोल्किन १९७३ साली निवर्तले. मध्यभूमीच्या आद्य युगांचा जो कथासंभार त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून रचला आणि पुनःपुन्हा मोडला, तो त्यांच्या हयातीत ग्रंथरूप झाला नाही. पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’, १९८० मध्ये ‘अनफिनिश्ड टेल्स’ आणि १९८३ ते १९९६ या काळात ‘द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’चे बारा खंड सिद्ध केले. या मरणोत्तर साहित्याविषयी दोन भूमिका रूढ आहेत. लेखकाने स्वतः प्रकाशित केले नाही ते प्रमाण नव्हे, ही पहिली. ‘सिल्मरिलियन’ तेवढे प्रमाण, उर्वरित सारे कार्यशाळेतील भुसा, ही दुसरी. वरवर विरोधी भासणाऱ्या या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी पूर्ण, एकसंध संहितेचा एकच मोह आहे.

पहिली भूमिका इतिहासाकडे पाठ फिरविते. टोल्किन यांनी १९३७ मध्येच या साहित्यातील काही भाग प्रकाशकापुढे ठेवला होता. नंतर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’सोबत ते प्रसिद्ध व्हावे असाही त्यांचा आग्रह होता. अप्रकाशित राहणे म्हणजे लेखकाने नाकारणे नव्हे.

दुसरीचा पाया त्याहून कच्चा आहे. १९७७ ची एकसंधता ही संपादकाची निर्मिती. निरनिराळ्या काळांतील मसुदे जुळवून, गाय गॅव्हरिएल के यांच्या साहाय्याने ती घडविली गेली. डोरियाथच्या विनाशाचे प्रकरण तर बव्हंशी संपादकांनीच रचले. ख्रिस्तोफर यांनी पुढे त्याविषयी खेदही व्यक्त केला. म्हणजे ज्या ग्रंथाच्या बळावर इतरांना गौण ठरविले जाते, त्यातच परहस्त अधिक.

‘अनफिनिश्ड टेल्स’ हा मोह पुरवीत नाही. ट्यूओरला गोंडोलिन नगरी दिसते आणि कथा तिथेच तुटते. गॅलाड्रिएल एका पाठात बंडाची भागीदार, तर अखेरच्या लेखनात निष्कलंक. यांतील ‘खरी’ कोणती, हा प्रश्नच गैरलागू आहे; दोन्ही पाठ टोल्किन यांचेच. खरा प्रश्न असा की, मुद्रित कादंबरीत ती अंगठी नाकारते, त्या नकाराचे मोल कशावर ठरते? पूर्वदोष असेल तर तो नकार प्रायश्चित्त ठरतो. नसेल तर केवळ स्वभावाचा आविष्कार. आयुष्याच्या अखेरीस लेखक आपल्याच पात्राचा दोष धुऊ पाहतो आणि तसे करताना आपल्याच श्रेष्ठ प्रसंगातील ताण सैल करतो, हे पाठभेदांवाचून कळलेच नसते.

यावर आक्षेप येईल की, अशाने प्रत्येक चिठोऱ्याला सारखेच मोल द्यावे लागेल. तसे नाही. कालक्रम, लेखनाचा टप्पा, सोडून दिलेला मसुदा आणि पुन्हा हाती घेतलेला मसुदा, हे भेद समीक्षकाने करावयाचेच आहेत. मात्र ते करण्यासाठी पाठ समोर असावे लागतात. ते ‘प्रमाण’ या एका शब्दाखाली झाकणारी समीक्षा लेखकाचा मान राखत नाही. ती केवळ वाचण्याचे श्रम टाळते.