नोंदवही कुणाच्या हातात?

ज्याच्या हातात नोंदवही, त्याच्याच शब्दांत समाज जगाला दिसतो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. आज वर्तमानपत्राच्या जोडीला इंटरनेटची नोंदवही आली आहे. ती कोण लिहितो, हा प्रश्न चळवळीने विचारलाच पाहिजे.

१९९८ साली अमेरिकेत 'डीमॉझ' ही संकेतस्थळांची खुली सूची सुरू झाली. संकेतस्थळे विषयवार लावण्याचे काम बिनपगारी स्वयंसेवक संपादक करीत. गूगलनेही आपली सूची तिच्याच आधारे उभी केली होती. संपादक होण्यासाठी फी नव्हती, पदवीची अट नव्हती, जातीचा रकाना नव्हता. एक लहान विभाग निवडायचा, त्यात बसणारी दोन-तीन संकेतस्थळे साध्या, निःपक्ष वर्णनासह सुचवायची आणि स्वतःचा कोणत्या संकेतस्थळाशी संबंध आहे ते उघड सांगायचे. जुने संपादक अर्ज तपासत. नकाराची कारणे मिळत नाहीत, अशी तक्रार सतत होत असे. ती रास्तच होती. निर्णयाला कारणे हवीत, हे न्यायाचे साधे तत्त्व आहे. तरीही दार उघडे होते. आपल्यापैकी कितीजणांनी ते ठोठावले?

रेवदंड्याचेच उदाहरण घ्या. इंटरनेटवर हे गाव शोधले की पोर्तुगीज किल्ला, समुद्रकिनारा आणि राहण्या-जेवणाची सोय एवढेच ठळकपणे पुढे येते. पण शेजारचे चौल म्हणजे प्राचीन चेमुल. तिथल्या दानकर्त्यांची नोंद कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत आहे. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात मांडले. महाडही याच जिल्ह्यात. हे सारे वगळून या किनाऱ्याची ओळख पुरी होते काय?

डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी बंद पडली. तिच्या संपादकांनी पुढे 'कर्ली' या नावाने तेच काम चालू ठेवले. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे. तिथे लिहायला तर अर्जही लागत नाही. शिस्त मात्र तीच. 'महान', 'युगप्रवर्तक' ही विशेषणे तिथे टिकत नाहीत. तारीख, ग्रंथ आणि पृष्ठक्रमांक टिकतो. कोर्टातही वकिलाचे भाषण म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याची आपल्याला वाण नाही. राज्य शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रकाशित करीत आले आहे. ते कपाटात पूजेला ठेवण्यासाठी नाहीत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने, प्रत्येक अभ्यासमंडळाने दोन तरुण-तरुणी या कामाला द्याव्यात. आरंभ आपल्या गावापासून करावा. आपल्या संस्थेशी असलेला संबंध लपवू नये, कारण लपवलेला संबंध उघडा पडला की खरी नोंदही संशयात सापडते. अर्ज नाकारला तर वर्णन सुधारून पुन्हा करावा. आपल्याविषयी चुकीचे लिहिले जाते म्हणून सभांत संताप व्यक्त करणे सोपे आहे. त्याच संध्याकाळी एक पुराव्यानिशी नोंद करून उठणे, हे खरे काम आहे.