स्वस्त, पण कुणाला?

महिन्याचा पहिला रविवार होता. हुबळीतल्या एका मोठ्या सवलतीच्या दुकानात बिलाच्या रांगेत मी आणि आई उभ्या होतो. आमच्या पुढं एक बाई होत्या. त्यांच्याकडं ट्रॉली नव्हती, हातात फक्त टोपली. त्यात एक किलो तूरडाळ, एक लिटर तेल, दोन किलो साखर, चहापावडर आणि भांड्याच्या साबणाचं एक पाकीट. पाकिटावर लिहिलेलं, ‘दोनावर एक फुकट’. बिल झालं ५६८ रुपये. बाईंच्या मुठीत ५०० ची एकच नोट.

‘यावुद तगील्री अक्का?’ बिल करणाऱ्या मुलीनं विचारलं. काय काढू? ती काही वाईट बोलली नाही, आवाजही चढवला नाही. पण मागं रांग होती आणि सगळे बघत होते. बाईंनी क्षणभर टोपलीकडं पाहिलं आणि साबण बाजूला सरकवला. ९० रुपये कमी झाले. फुकटची वडीही त्याच्याबरोबरच गेली. उरलेले २२ रुपये मोजून घेऊन बाई निघून गेल्या.

मग आमचा नंबर. आमचं बिल साडेतीन हजारांच्या घरात, आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘आपली बचत ४१२ रुपये’. घरी बाबा हा आकडा मोठ्यानं वाचतात, कुणाचे तरी मार्क वाचावेत तसे. त्या दिवशी चिगरी बसमधून पिशव्या मांडीवर घेऊन धारवाडला येताना मात्र मला तो आकडा खटकत राहिला. दुकान स्वस्त आहे, हे खरंच. पण ती स्वस्ताई मिळते कुणाला?

आधी एक गोष्ट कबूल करते. अशा दुकानांना नावं ठेवायला मी लिहीत नाही. आपल्याकडं या धंद्याचं सगळ्यात ठळक उदाहरण डीमार्टचं. राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली मुंबईच्या पवईत पहिलं दुकान काढलं, आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्यांची ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी शेअरबाजारात आली. गणित तसं सरळ आहे. शक्यतो जागा स्वतःची घ्यायची म्हणजे भाडं वाचतं. माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो भाव कमी लावतो. दुकानात झगमगाट ठेवायचा नाही, आणि रोज लागणारा माल भराभर विकायचा. यात जादू काही नाही, शिस्त आहे.

शिवाय गिऱ्हाईकाला एक मान मिळतो, तोही मोठाच. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस गावी क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. तोपर्यंत गिऱ्हाईकानं यादी सांगायची आणि दुकानातल्या माणसानं माल काढून द्यायचा, अशी रीत. साँडर्सनी गिऱ्हाईकालाच आत सोडलं. आज माझी आई चष्मा लावून पाकिटावरची तारीख वाचते, डाळ खालीवर करून बघते, परत ठेवते, आणि कुणी ‘घ्यायचं आहे की नुसतं बघायचं?’ असं विचारत नाही. हे सुख तिला गल्लीतल्या अंगडीत कधी मिळालं नव्हतं.

पण हेही लक्षात घ्या, की आत सोडलेलं गिऱ्हाईक दुकानाचं कामही करतं. माल शोधतं, उचलतं, ढकलत काउंटरपर्यंत आणतं. ट्रॉलीची गोष्ट तर मजेशीर आहे. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या ध्यानात आलं, की टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. म्हणून त्यांनी टोपलीला चाकं लावली. म्हणजे ट्रॉली आपल्या हाताला आराम म्हणून आली, तशीच आपला हात थांबू नये म्हणूनही आली. आमच्या त्या साडेतीन हजारांत यादीत नसलेल्या किती वस्तू होत्या, ते मी घरी आल्यावर मोजलं. सात निघाल्या. त्यांची किंमत ४१२ रुपयांपेक्षा जास्त भरली. बाबांना अजून सांगितलेलं नाही!

आता त्या ‘बचती’कडं येऊ. ती मोजतात एमआरपीपासून, म्हणजे पाकिटावर छापलेल्या जास्तीत जास्त किमतीपासून. त्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कुणाची ना नाही. आमच्या गल्लीतले शेट्रही बऱ्याच वस्तूंवर दोन-पाच रुपये सोडतात, फक्त ते बिलावर ठळक अक्षरांत छापत नाहीत. त्यामुळं खरी बचत किती हे कळायचं असेल, तर गल्लीतल्या भावाशी ताडून बघायला हवं.

ताडून बघायला एक साधन हाताशी आहे, पण आपण तिकडं बघतच नाही. पाकीटबंद मालाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एककाचा भाव छापायची तरतूद आली. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅममागं, जास्त असेल तर किलोमागं. बारीक अक्षरात असतो, पण तो वाचला की डोळे उघडतात. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असं नाही. शॅम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. डाळ, तांदूळ, तेल, साबण यांचं मात्र बहुतेक वेळा उलट. थोडं घेणाऱ्याला ग्रॅममागं जास्त मोजावे लागतात.

आणि थोडं कोण घेतं? ज्याच्या हातात आठवड्याला किंवा रोजच्या रोज पैसे येतात, तो. ५ किलोची पिशवी स्वस्त आहे हे त्यालाही समजतं. त्याच्याकडं हिशोब आहे, एका वेळी तेवढी रक्कम नाही. शिवाय धारवाडहून हुबळीला जायचं म्हटलं तर वीसेक किलोमीटर, जाऊन येऊन बसभाडं, अर्धा दिवस आणि बुडालेली मजुरी. २०१३ पासून आपल्या राज्यात अन्नभाग्य योजनेचा तांदूळ गरिबाच्या घरी येतो. पण साबण, चहा असलं बरंचसं सामान बाजारातूनच आणावं लागतं. म्हणजे सवलतीची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्याच्या वाट्याला ती सगळ्यात कमी येते.

मग तो जातो गल्लीतल्या अंगडीत. तिथं २० रुपयांचं तेल मिळतं, एक अंडं मिळतं, आणि मुख्य म्हणजे वहीत नाव मिळतं. या वहीला आमच्याकडं ‘उदरी’ म्हणतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाबांचा पगार तीन महिने अर्धाच आला. तेव्हा आमचं घर त्या वहीवर चाललं. शेट्रनी एकदाही दारात येऊन पैसे मागितले नाहीत. हातात पगार आला तसे आम्ही परत हुबळीला जायला लागलो. आता गल्लीत घेतो ते फक्त कोथिंबीर आणि दूध. हे लिहितानाही मला जरा लाजल्यासारखं होतंय. शेट्रचा भाव चार रुपये जास्त असेल, पण त्या चार रुपयांत अडीअडचणीचा आधारही होता. मोठ्या दुकानाच्या बिलावर तो रकाना नसतो.

अर्थात, ‘सगळ्यांनी गल्लीतच घ्या’ असा उपदेश मी करणार नाही. ज्यांची ओढाताण आहे त्यांना जास्त भाव द्या म्हणणं बरं नव्हे. उदरीचीही एक बाजू असते. वहीत नाव असलेल्या माणसाला भावावरून वाद घालता येत नाही, आणि दुसऱ्या दुकानात जाताना तोंड चुकवावं लागतं.

मला वाटतं, वाट तिसरीच आहे आणि ती मराठी माणसाला नवीन नाही. सवलत मिळते ती एकगठ्ठा मालावर. तो गठ्ठा एका घराला झेपत नसेल, तर दहा घरांनी मिळून करावा. मुंबईत नायगावला १९४८ साली कामगारांनी सहकारी तत्त्वावर अपना बाजार सुरू केला, तो याच विचारानं. पुढं १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथं शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, घाऊक भावानं आलेला माल आपापसांत वाटून घेतात. दुकान नाही, जाहिरात नाही.

त्या रविवारनंतर आमच्या गल्लीत आम्ही हे छोट्या प्रमाणात करून पाहिलं. पाच घरं. त्यांतली एक मावशी आमच्याकडं आणि शेजारी भांडी घासायला येते. तेलाचा १५ किलोचा एक डबा आणि साखर, एवढंच. पैसे आधी आईनं भरले, बाकीच्यांनी आठवड्या-आठवड्याला दिले. तेल मोजताना दोनदा सांडलं. एका घरचे पैसे पंधरा दिवस उशिरा आले. आई दोन दिवस कुरकुरली, आणि मग स्वतःच म्हणाली, ‘शेट्रनी तीन महिने थांबलं होतं की!’ मावशीला पहिल्यांदाच तेल आमच्याच भावानं मिळालं. दुसऱ्या महिन्यात तिनंच विचारलं, डाळ पण आणायची काय?

हा उपाय फार मोठा आहे असं मी म्हणत नाही. पाच घरांत जमतं ते पन्नासात जमेलच असं नाही. हिशोब कुणीतरी ठेवावा लागतो, आणि आधी पैसे घालायची तयारी असलेलं निदान एक घर लागतं. पण आपल्या कॉलेजात कॉमर्सचे विद्यार्थी आहेत, हिशोब त्यांनी ठेवावा. वसतिगृहातल्या मुलामुलींनी एका मजल्यापुरता साबण-पावडरीचा गठ्ठा करून बघावा. त्यात मेसच्या काकूंना आणि झाडलोट करणाऱ्या मावश्यांना धरलं तर काय बिघडलं?

आणि पुढच्या खेपेला मोठ्या दुकानात गेलात, तर दोन गोष्टी करा. पाकिटावरचा ग्रॅमचा भाव वाचा, आणि रॅकवरचा भाव व बिलातला भाव एकच आहे ना, हे तिथंच उभं राहून तपासा. फरक दिसला तर मागं रांग आहे म्हणून संकोच करू नका. दुकानात दाद लागली नाही, तर ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे. आपल्यासारख्या शिकलेल्यांनी विचारलं, तरच मागच्या माणसालाही विचारायचा धीर होतो.

त्या बाई परत कधी दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तरी त्यांना काय म्हणणार होते, ठाऊक नाही. साबणाच्या त्या दोन वड्या आणि वरची एक फुकटची, आमच्या गल्लीत तीन घरांत वाटून गेली असती.