डोळा आपला, काच कोणाची?

कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. बंधू आनंदराव यांच्यासह बाबूरावांनी स्वदेशी कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी ध्यास सुटला नाही. शिष्य दामले यांच्या साह्याने १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, ते उगाच नव्हे.

आज पडदाच डोळ्यांसमोर येऊन बसला आहे. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये ७९९ डॉलर किमतीचा, भिंगातच अक्षरे आणि चित्रे दाखवणारा चष्मा बाजारात आणला. त्याचे मर्म संगणकात नाही, काचेत आहे. काडीत दडलेल्या सूक्ष्म प्रक्षेपकाचा प्रकाश काचेच्या पातळ पट्टीत शिरतो, पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे सरकतो आणि नेमक्या जागी डोळ्याकडे वळतो. समोरचे जगही दिसत राहते. प्रकाश वळवण्यासाठी कोणी काचेवर अतिसूक्ष्म रेघा कोरतात, कोणी काचेतच अर्धपारदर्शक आरसे बसवतात. त्यांच्या समांतरतेत किंचित चूक झाली, तरी प्रतिमा दुहेरी दिसते.

‘जगात तयार मिळते, ते येथे घडवण्याचा अट्टहास कशाला? आपली मुले सॉफ्टवेअर लिहितात, तेवढे पुरे,’ असे सांगणारे शहाणे प्रत्येक पिढीत असतात. त्यांनी इस्रायलकडे पाहावे. आरशांच्या काचेचे तंत्र विकसित करणारी लुमस ही कंपनी तेथे २००० साली स्थापन झाली. जर्मनीतील शॉट या काच उद्योगाच्या सहकार्याने त्या काचेचे मोठे उत्पादन सुरू होण्यास पाव शतक लागले. सॉफ्टवेअर वर्षभरात बदलते. काचेची विद्या पिढीभराच्या तपश्चर्येने येते. ती ज्याच्याकडे नाही, त्याने कायम ग्राहकच राहायचे काय? शिवाय अशा चष्म्यात कॅमेराही असतो. घरातले काय टिपले जाते आणि ते कोठे जाते, याचे नियमही मग परका निर्माताच ठरवणार!

भारताला ही विद्या अगम्य आहे, असे मुळीच नाही. वैमानिकाला समोरच्या आकाशावरच वेग आणि उंचीचे आकडे दाखवणारा हेड-अप डिस्प्ले हा या चष्म्याचा थोरला भाऊ. ‘तेजस’ विमानासाठी तो चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने विकसित केला. संरक्षणासाठी जे साधले, ते नागरी बाजारपेठेसाठी का साधू नये? उणीव बुद्धीची नाही, चिकाटीने पैसा आणि वर्षे गुंतवणाऱ्या उद्योगाची आहे.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील हात मायक्रॉनच्या मापात धातू कापतात. काच घासणे हे ओतकामाहून निराळे शास्त्र आहे, हे खरेच. म्हणूनच शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग, येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि उद्योजक यांनी एकत्र येऊन काच घासण्याची, लेपनाची आणि मोजमापाची एक प्रकाशशास्त्रीय कार्यशाळा उभारावी. आरंभ साध्या अर्धपारदर्शक आरशापासून करावा. आणि प्रकाशशास्त्रात रमणाऱ्या मुलाला पालकांनी ‘सॉफ्टवेअरला जा’ म्हणून त्या वाटेवरून ओढून काढू नये.

खरी कॉर्नरच्या स्तंभाला हार घालणे सोपे आहे. बाबूरावांचा खरा वारसा हारात नाही, घडवण्यात आहे.