पडद्यामागच्या तिघांच्या प्रमाणपत्रावर काय लिहायचं?

विद्यापीठांच्या राष्ट्रीय युवक महोत्सवात एकांकिकेला 30 मिनिटं मिळतात. रंगमंचावर जास्तीत जास्त 9 जण, साथीला 3. प्रहसनाला 6 जण आणि 10 मिनिटं; मूकाभिनयाला माणसं तेवढीच, वेळ मात्र 5 मिनिटं. जालन्यातल्या एखाद्या कॉलेजात वर्गातली बाकं भिंतीला सरकवून तालीम सुरू होते, तेव्हा अभिनयाच्या आधी हे गणित सोडवावं लागतं. संहितेतलं काय कापायचं, कोणी दोन भूमिका करायच्या, नेपथ्य किती मिनिटांत उभं राहील.

टाळ्या 9 जणांना मिळतात. खरा धंदा शिकतात ते उरलेले तिघं. संगीताच्या लॅपटॉपपाशी बसलेल्या मुलीच्या संहितेत समासभर पेन्सिलीच्या खुणा असतात: इथे ढोलकी, इथे लाइट जाते, इथे तीन मोजून अंधार. एक खूण चुकली की सगळ्यांची मेहनत पाण्यात. अशी जबाबदारी तीन वर्षांच्या बी.ए.त दुसरीकडे कुठे पडते?

महोत्सव संपल्यावर या मुलीच्या हाती प्रमाणपत्र येतं आणि त्यावर एकच शब्द असतो, ‘सहभाग’. तिने नेमकं काय केलं, हे नोकरी देणाऱ्याला त्यातून कळत नाही. पुष्कळदा तिलाही ते सांगता येत नाही.

वार्षिकांकाचं त्याहून वाईट. लेख मागवणं, मुद्रितं तपासणं, नव्या मोंढ्यातल्या दुकानांत जाऊन जाहिराती आणणं, छापखान्याच्या मागे लागणं, ही पत्रकारितेची आणि व्यवहाराचीही शाळा. पण बऱ्याच ठिकाणी अंक प्राध्यापकच काढतात आणि संपादक मंडळातली मुलं फक्त फोटोत दिसतात.

‘नाटकानं पोट भरतं का?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे. नट म्हणून पोट भरणारे थोडेच. तरी या क्षेत्रात नाव काढलेलेही आहेतच. जालना ज्या विद्यापीठात येतं, त्या मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चे लक्ष्मण देशपांडे. नगरला न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना नागराज मंजुळे यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा मान मिळाला. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे तर शेती करता करता लिहू लागले. गावातल्या वीजचोरीवरचं ‘आकडा’ त्यांचंच. 2012 साली नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ही त्यांनीच लिहिलं, आणि त्यात जालन्याकडचे शेतकरी कलाकार मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांसमोर उभे राहिले. ही नावं मोठी आहेत; पण त्यांच्या बळावर प्रत्येक मुलाला स्वप्न विकणं बरं नाही.

पोट भरण्याचा हिशेब जालन्याच्या बाजारातच मांडता येतो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये ‘महिको’ सुरू केली तेव्हापासून हे शहर बियाण्यांचं आहे. जोडीला स्टीलचे कारखाने. बियाणं विकायला शेतकरी मेळाव्यात न अडखळता बोलणारा माणूस लागतो, पिकाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून मोबाइलवरच जोडणारा लागतो. प्रहसनात 10 मिनिटांत गर्दीला धरून ठेवलेल्या पोराला हे काम जड जाणार नाही. एमपीएससीच्या मुलाखतीतही वादविवाद केलेला मुलगा ओळखू येतोच.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक दार उघडलंय. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आणि त्यांत सांस्कृतिक उपक्रमही आहेत. धोका ओळखीचाच: हजेरीपटावर सह्या झाल्या की श्रेयांक जमा! त्यापेक्षा प्रत्येकाने कामाची वही ठेवावी. प्रकाशयोजना केली असेल तर प्रमाणपत्रावर ‘प्रकाशयोजना’ लिहावं, जाहिराती आणल्या असतील तर किती आणल्या तेही. महोत्सवाचं पत्रक आल्यावर तीन आठवड्यांची धावपळ करण्याऐवजी कॉलेजचं सांस्कृतिक मंडळ जुलैपासून चालावं.

पैसे नाहीत, ही सबब फारशी टिकणारी नाही. प्रवेशाच्या पावतीवर सांस्कृतिक उपक्रमांचं शुल्क असेल, तर त्याचा हिशेब दरवर्षी सूचनाफलकावर लागावा, आणि त्यातून घेतलेले माइक, ट्रायपॉड, दिवे ज्या कपाटात बंद असतात त्याची किल्ली मंडळाच्या विद्यार्थी-प्रमुखाकडे द्यावी.