पन्नाशीतली सायकल: आधी नदीकाठ, मग घाट



गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवा पेशंट यायला लागला आहे. वय पंचेचाळीस ते साठ. सायकल घेऊन महिना-दोन महिने झालेले. तक्रार कधी गुडघ्याची, कधी कंबरेची, कधी करंगळीला मुंग्या येतात याची, तर कधी छातीत धडधडण्याची. मी विचारतो, "आठवड्यात किती वेळ सायकल चालवता?" उत्तर वेळेत येत नाही. उत्तर येतं, "सर, पुढच्या रविवारी पसरणी घाट मारायचाय."

हा 'घाट मारणं' प्रकार आपल्या सायकल ग्रुपांमध्ये इतका मानाचा झाला आहे, की त्याविरुद्ध बोलणारा डॉक्टर भित्रा ठरतो. तरीही आज स्पष्ट लिहितो. नव्याने सायकल सुरू केलेल्या मध्यमवयीन माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत घाटात नेणं चूक आहे. आणि ज्या वाईतून हे लोक घाट चढायला सुरुवात करतात, त्याच वाईला त्यांच्यासाठी योग्य रस्ता आहे. तो वर पाचगणीला जात नाही, कृष्णेच्या काठाने धोमकडे जातो.

माझा एक पेशंट

बावन्न वर्षांचे गृहस्थ, खुर्चीवरची नोकरी, रक्तदाबाची गोळी चालू. तिसऱ्याच रविवारी ग्रुपबरोबर घाटात गेले. अर्ध्या चढावर छाती भरून आली, जबडा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला. सोबतच्यांनी सांगितलं, "ॲसिडिटी असेल, सोडू नका, थोडंच राहिलंय." त्यांनी सोडलं नाही. वर पोहोचल्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी अँजिओप्लास्टी झाली. जीव वाचला. नंतर मला म्हणाले, "डॉक्टर, सायकलने घात केला."

मी म्हटलं, "सायकलने नाही, घाटाने केला. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी."

घाटात नेमकं काय होतं?

वाई ते पाचगणी अंतर साधारण 12 किलोमीटर आणि उंचीतला फरक साडेपाचशे मीटरच्या आसपास. समजा तुमचं वजन 80 किलो आणि सायकल, बाटल्या, पिशवी मिळून 15 किलो. हे 95 किलो एका तासात साडेपाचशे मीटर वर उचलायला सुमारे 140 वॅट ताकद सतत लागते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच. वर्षानुवर्षं बसून काम केलेल्या पन्नाशीतल्या बहुतेकांना एवढी ताकद काही मिनिटं लावता येते, तासभर नाही.

याच माणसाने सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरने सायकल चालवली तर साधारण 50 वॅट पुरतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सपाट रस्त्यावर दम लागला तर तुम्ही वेग कमी करता आणि हृदयावरचा भार लगेच उतरतो. चढावर ती सोय फारशी नसते. साध्या गिअरच्या सायकलवर वेग फार कमी केला तर तोलच जातो. म्हणजे एक तर जोर लावत राहा, नाहीतर उतरा. आणि ग्रुपसमोर उतरायला कोण तयार होतो?

औषधाबाबत आम्ही पहिला प्रश्न डोसचा विचारतो. व्यायामही औषधच आहे. नदीकाठच्या रस्त्यावर डोस तुमच्या हातात असतो, घाटात तो डोंगर ठरवतो. ज्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये आधीच चरबीचे थर साचलेले आहेत आणि ज्याला जोराच्या श्रमाची सवय नाही, त्याच्यासाठी अचानक केलेले जोराचे श्रम हे हार्ट ॲटॅकचं ओळखीचं निमित्त आहे. त्यात अनेक जण पुण्याहून सायकल गाडीवर टाकून आणतात, वाईत उतरवतात आणि लगेच चढायला लागतात, कारण घाट गावाबाहेर पडताच सुरू होतो. वॉर्मअप होतच नाही.

नदीकाठच का?

पाणी नेहमी उताराची वाट धरतं, आणि मोठ्या नदीने हजारो वर्षांत खोऱ्याच्या तळाशी सौम्य उतार तयार केलेला असतो. त्यामुळे काठाच्या रस्त्याला छोटे चढउतार असले तरी ते दम काढण्याआधी संपतात.

दुसरं कारण जुन्या गावांचं. ही गावं घाट, मंदिर, पाणी आणि बाजार यांच्याभोवती वसली. आजच्या सायकलस्वाराला त्यातून आयते थांबे मिळतात. वाईत कृष्णेच्या घाटावर 1762 साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं मंदिर आहे, तिथून सुरुवात करा. साधारण तीन किलोमीटरवर मेणवली आहे. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेली पोर्तुगीज घंटाही तिथेच टांगलेली आहे. वाईपासून आठेक किलोमीटरवर धोम. तिथल्या शिवमंदिरासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे. तो पाहायला दहा मिनिटं थांबलात तरी कुणी तुम्हाला कच्चा म्हणणार नाही.

हे थांबे शरीराच्या उपयोगाचे आहेत. बैठकीखालच्या नसांवरचा दाब सुटतो, हँडलवर दाबल्या गेलेल्या तळहातांना आराम मिळतो, पाणी प्यायची आठवण राहते. थांबल्यावर मात्र लगेच बसू नका, दोन-चार मिनिटं चाला. पायांच्या स्नायूंमध्ये रक्त साचून चक्कर येऊ शकते.

साताऱ्यात राहणाऱ्यांसाठी पाचेक किलोमीटरवर क्षेत्र माहुली आहे. तिथे कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, आणि रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. लिंबची बारा मोटेची विहीर पाहायची असेल तर सायकल गाडीवर टाकून लिंबपर्यंत न्या आणि मग गावातल्या रस्त्यांवर चालवा. महामार्गावर ट्रकशेजारून सायकल चालवण्यात आरोग्याचा काहीही फायदा नाही.

"एवढ्याने काय होणार?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हिशेब करू. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. वाई ते धोम जाऊन-येऊन 16 ते 18 किलोमीटर होतात. ताशी 15 च्या वेगाने हा सव्वा तासाच्या आतबाहेरचा व्यायाम झाला. आठवड्यात असं दोनदा केलं की तुम्ही 150 मिनिटांच्या जवळ पोहोचता. रोज जाणं शक्य नसेल तर एक फेरी इथे आणि बाकीची घराजवळ. रक्तदाब, साखर, वजन आणि झोप या सगळ्यांना या सातत्याचा उपयोग होतो. महिन्यातून एकदा घाट आणि उरलेले एकोणतीस दिवस खुर्ची, याचा होत नाही.

घाट चढून ताकद वाढते हे मला मान्य आहे. घाट कायमचा सोडा असंही मी म्हणत नाही. आठ ते बारा आठवडे नियमित सपाटीवर चालवा, मग छोटे चढ घ्या, मग घाट. चाळिशी ओलांडली असेल आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर जोराचे श्रम सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटा.

निघण्याआधी एवढं पाहा

1. सीटची उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा. मग पुढच्या चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असणं हे गुडघ्याच्या पुढच्या भागातल्या दुखण्याचं नेहमीचं कारण आहे.

2. बोलण्याची कसोटी: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका, कारण ती गोळी ठोके वाढू देत नाही.

3. मधुमेह: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, घाम आला, डोकं हलकं वाटलं की थांबून खा.

4. हेल्मेट: रस्ता रिकामा असला तरी घाला.

5. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, अवेळी दरदरून घाम: तिथेच थांबा, बसा, 108 ला फोन करा. ॲसिडिटी आहे की नाही हे रस्त्यावर ठरवू नका.

शेवटी सायकल ग्रुप चालवणाऱ्यांना विनंती. तुमच्यामुळे शेकडो माणसं पहाटे उठून घराबाहेर पडली, हे तुमचं मोठं काम आहे. पण कोणत्या गोष्टीला शाबासकी द्यायची हेही तुम्हीच ठरवता. रविवारी कोण किती उंच गेला याबरोबर या आठवड्यात कोण किती मिनिटं चालवलं, हेही ग्रुपवर विचारा. अर्ध्या चढावर जो उतरून परत फिरतो, त्याच्यासाठी पहिली टाळी तुम्ही वाजवा. माझा तो पेशंट तेवढ्याने परत फिरला असता.

ते गृहस्थ आता पुन्हा सायकल चालवतात. तपासण्या झाल्या, आम्ही हळूहळू वेळ वाढवला. गेल्या महिन्यात त्यांनी मेणवलीच्या घाटावरून फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आज याच घाटापर्यंत."